राजासाठी कांडलेला तांदूळ

आमचं उखळ जमिनीत पुरलेलं होतं. चूल आणि गोठा यांच्या मधल्या अरुंद पडवीत त्याचं दगडी तोंड तेवढं वर दिसायचं. कित्येक वर्षांच्या मुसळांनी त्याचा काठ इतका गुळगुळीत झाला होता, की लहानपणी मी त्यात पाय सोडून बसायचो तेव्हा तो पाण्यानं भरलेल्या घागरीसारखा गार लागायचा. पहाटे आई आणि शेजारची काकू समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली यायचं. मुसळं एकमेकांना कधी लागली नाहीत, आणि दोघी कधी एकमेकींकडे बघतही नसत. बोलणं चालूच असायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली. त्या आवाजाची मला इतकी सवय होती, की पुढं पुण्याला कॉलेजात गेल्यावर पहिले काही दिवस मला पहाटे जाग यायची ती आवाज नाही म्हणून.

कांडून झालं की आई सूप घेऊन उंबऱ्यात बसायची. कोंडा उडायचा, कोंबड्या धावत यायच्या. मग ती तांदूळ परातीत पसरून कण्या वेगळ्या करायची. अख्खा दाणा विकायला किंवा पाहुण्याला, कण्या आम्हाला. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नसे. कण्यांची पेज, वर मिठाचा खडा आणि लसणीची चटणी, हे आमचं सकाळचं खाणं. भात जेवायचा तो सणाला. मावळात सगळीकडे भाताची खाचरं, आणि भात पिकवणाऱ्याच्या ताटात नाचणीची भाकरी, हे कॉलेजातल्या मित्रांना सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं. पण मी त्यांना असलं काही सांगतच नव्हतो. वडिलांची मावळात शेतीवाडी आहे, एवढंच मी मोघम सांगत असे, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतंय ते मला कळत असे. ते मी तसंच उभं राहू देत असे.

आमच्याकडे आंबेमोहोर व्हायचा. विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी, झऱ्याच्या तोंडाला आमची दोन खाचरं होती, तेवढ्यातच. इतर जमिनीत तो दाणा यायचा, पण वास यायचा नाही. शिजायला लागला की घरभर मोहोरलेल्या आंब्याखाली उभं राहिल्यासारखं वाटायचं. नवा तांदूळ झाला की पहिल्यांदा त्यातला मूठभर, हळद लावून, भैरोबापुढे ठेवायचा, मग त्याचा भात करून देवाला दाखवायचा, आणि त्यानंतर घरच्यांनी तोंडात घालायचा. देवानं खाल्ल्याशिवाय नवं खायचं नाही. हा नियम आई इतका कडक पाळायची, की तांदूळ पाखडताना एखादा दाणा ओठाला चिकटला तरी ती तो बोटानं काढून सुपात टाकायची.

मी कॉलेजात असताना एका वर्षी सुगीत शेतकी खात्याचा एक अंमलदार गावात आला. विलायतेत, लंडनजवळ वेम्ब्ली म्हणून जागा आहे तिथं, साऱ्या साम्राज्याचं एक अफाट प्रदर्शन भरणार होतं. राजा स्वतः ते उघडणार होता. मुंबई इलाख्यातली पिकं तिथं मांडायची होती, आणि त्यासाठी मावळातला आंबेमोहोर हवा होता. त्यानं चार घरचा तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला, हुंगला, आणि आमचा पसंत केला. दोन शेर तांदूळ, मालकाच्या आणि गावाच्या नावाची चिठ्ठी लावून, पुण्याच्या कचेरीत पोचवायचा. मुलगा पुण्यातच शिकतो म्हटल्यावर त्यानं ते काम माझ्यावर टाकलं. मी सुट्टीला घरीच होतो. तो माझ्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोलला आणि मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, खांबाला टेकून उभे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा गावकऱ्यांकडे पाहिलं. फार बोलणारा माणूस नव्हता तो.

गावात बोलायचं काम आबा करायचे. आबा म्हणजे दादांचे चुलते, गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस, तोंडात दात थोडे आणि बोलणं भरपूर. प्रदर्शन म्हणजे काय, हे अंमलदार गेल्यावर लोकांनी मला विचारलं. मी सांगू लागलो, पण माझी भाषा पुस्तकी व्हायची आणि लोक माना डोलावून आबांकडे बघायचे. शेवटी आबांनी सोपं करून सांगितलं.

"राजाच्या म्होरं ठिवायचं म्हंजे निवदच की. भैरोबाला दावतो तसा. त्यो खाईल, मग बाकीचं खात्याल."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की आबा, तसं नाही. तांदूळ काचेच्या बरणीत घालून फळीवर ठेवतात. लोक येतात, बघतात, पुढं जातात. राजा तो खाणार नाही; कुणीच खाणार नाही. मी ते सांगितलं नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले होते, आणि त्या उजेडात मीही उभा होतो. एवढंच कारण.

आईनं आबांचं बोलणं मनावर घेतलं. त्या तांदळासाठी तिनं काकूलाही हात लावू दिला नाही. एकटीनं कांडला, हळूहळू, टोक मोडू नये म्हणून. मग दोन दिवस उजेडाला बसून एकेक दाणा निवडला. इतका तांदूळ तिनं बाजूला सारला, की त्या दोन शेरांपायी आम्ही आठवडाभर दोन्ही वेळेला कण्याच खाल्ल्या. निवडून झाल्यावर त्याला हळद चोळली, आपल्या जुन्या चोळीच्या लाल खणाची पिशवी शिवली, त्यात तांदूळ, मधोमध एक सुपारी, आणि तोंडाला काळा दोरा आणि बिब्बा बांधला. एवढ्या लांबचा प्रवास, वाटेत किती नजरा. मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा तिनं मला सांगितलं की राजाच्या मुखी लागेपर्यंत मी हा तांदूळ खायची नाही. घरच्यांनी खावा, दादांनी देवाला दाखवलाय, त्यांना काही आडकाठी नाही. पण तिच्या हातचा होता, तर तिचं तिनं पाळायचं. मी हसलो असेन. मळवलीच्या गाडीची वेळ झाली होती.

पुण्यात मी हॉस्टेलवर राहत होतो. कचेरीत जायच्या आदल्या दिवशी मी ती पिशवी टेबलावर ठेवून तिचा दोरा सोडला. आमच्या घरात, उखळापाशी, तिच्यात काही विचित्र दिसलं नव्हतं. इथं, तर्कशास्त्राच्या पुस्तकाशेजारी, तो पिवळा तांदूळ, ती सुपारी, तो बिब्बा बघून माझे कान तापले. कचेरीतला साहेब ती उघडेल, कारकुनाला बोलावून दाखवील, दोघं हसतील, आणि मग वर बघून मला विचारतील, तू यांचा कोण? मी असा बसलो असताना शेजारच्या खोलीतला गोविंद आत आला. गोविंद पुण्याचा, वकिलाचा मुलगा, मनानं अगदी निर्मळ. मला वह्या द्यायचा, माझे उच्चार न हसता सुधारायचा. त्यानं विचारलं, "हे काय रे? देवाचं का?" मी म्हणालो, "काही नाही, मावळातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं दिलाय तांदूळ."

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. पण ते बोलताना मी अडखळलोही नाही, आणि एरवी मी प्रत्येक वाक्याला अडखळणारा मुलगा होतो.

दुसऱ्या दिवशी मी पेठेतल्या भुसाराच्या दुकानातून दोन शेर गिरणीचा तांदूळ घेतला. पांढराशुभ्र, काचेसारखा. कुठला होता ते मी विचारलं नाही. तो पत्र्याच्या स्वच्छ डब्यात भरला, त्यावर माझ्या वळणदार अक्षरात दादांचं नाव, गावाचं नाव, तालुका मावळ अशी चिठ्ठी चिकटवली, आणि कचेरीत नेऊन दिला. कारकुनानं चिमूटभर तांदूळ उजेडाकडे धरून पाहिला आणि छान आहे म्हणाला. त्यानं तो हुंगला नाही. हुंगला असता तर मी सापडलो असतो. आपण हुंगले जाऊ नये म्हणून मी किती वर्षं जपत आलो, हे आता लिहिताना लक्षात येतं.

उरला आईचा तांदूळ. रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद असे. गोविंद म्हणाला, तो तुझा शेतकऱ्याचा तांदूळ शिजवू या. त्याच्याकडे स्टोव्ह होता. आम्ही चौघं जमलो. हळद जाईपर्यंत तांदूळ धुतला, बादलीतलं पाणी पिवळं झालं, यावरून हसणं झालं. मग तो शिजायला लागला आणि वरच्या मजल्यापर्यंत वास गेला. दारात मुलं येऊन उभी राहिली, कसला वास म्हणून विचारू लागली. आम्ही तो तूप-मेतकुटाशी खाल्ला. पुढच्या रविवारी उरलेला खाल्ला. मीही खाल्ला, आणि मला तो गोड लागला. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय, म्हणून लिहितो.

त्या दिवसांत कॉलेजातली बरीच मुलं म्हणत होती की असल्या प्रदर्शनाला आपल्याकडून कुणी काही पाठवू नये. आपली माणसं तुरुंगात आहेत, शेजारच्या मुळशी खोऱ्यात शेतं धरणाखाली चालली आहेत, आणि आपण राजाला तांदूळ कसला पाठवायचा? मी त्या विचारानं तांदूळ अडवला असता, तर आज हे प्रकरण मला मान वर करून लिहिता आलं असतं. पुढं एक-दोघांना मी तसं भासवूनही दिलं आहे. पण तसं नव्हतं. राजाला माझा तांदूळ मिळू नये असं मला वाटलं नाही. त्याला आमची हळद दिसू नये असं वाटलं.

चैत्रात सुट्टी लागली आणि मी घरी आलो. प्रदर्शन उघडायचा दिवस वर्तमानपत्रात आला होता, आणि तो आबांनी माझ्याकडून आधीच वदवून घेतला होता. त्या दिवशी भैरोबाच्या देवळापुढं गावजेवण करायचं ठरलं. घरटी तांदूळ, डाळ, लाकूडफाटा. रानात करवंदं पिकायला लागली होती, उन्हानं खाचरांना भेगा पडल्या होत्या, पण देवळाच्या वडाखाली सावली गार होती. सकाळपासून बायका शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या, पुरुषांनी चरी खणून चुली केल्या. आई वेगळीच दिसत होती. तिनं लग्नातलं लुगडं काढलं होतं. पुसापासून तिनं आंबेमोहोराचा दाणा तोंडात घातला नव्हता, हे गावातल्या बायकांना माहीत होतं आणि त्या तिची थट्टा करत होत्या, की आज राजा उष्टावणार आणि हौसा जेवणार. हौसा हे तिचं नाव. ती हसून तोंडाला पदर लावायची.

मला मात्र लपायला जागा नव्हती. जो तो मला विचारी. राजा हातानं खातो का? एका म्हातारीला मी, तो चमच्यानं खातो, असं सांगितलं, तेव्हा आबा मध्ये पडले.

"म्हनून तर त्याला इतक्या लांबनं वासाचा तांदूळ लागतोय. आपला वास हाताला ऱ्हातो, त्याचा चमच्याला."

मग त्यांनी वेळेचा हिशोब मागितला. तिथं दुपार व्हायच्या आत राजा बोलेल, म्हणजे आपल्याकडे चार-साडेचार, असं मी सांगितलं. आबांनी बोटांवर मोजलं. राजाचं भाषण व्हायचं, मग पाट मांडायचे, पान वाढायचं. त्याला तेवढा वेळ द्यायला हवा. तेव्हा दिवस कासराभर उरेल तेव्हा पंगत बसवायची, असं त्यांनी जाहीर केलं. मी मान डोलावली. त्या हिशोबात मी मदत केली, हे मला आजही आठवतं.

दुपारी गोविंद आला.

उन्हाळ्यात त्याच्या घरचे लोणावळ्याला बंगला घेऊन राहत. कंटाळा आला म्हणून तो गाडीनं मळवलीला उतरला होता आणि गावाचं नाव विचारत पायी आला होता. ते नाव मी कधीतरी बोलता बोलता त्याला सांगून गेलो होतो. देवळाकडून मी आणखी एक भांडं न्यायला घरी आलो, तर हा आमच्या ओट्यावर बसलेला, पायाला धूळ, शेजारी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा, आणि आई त्याला पदरानं वारा घालत विचारतेय, की कुटनं आलात, आई-बाप हायती का, भावंडं किती. मला बघून तो उठला आणि मनापासून हसला. मी काय बोललो ते आठवत नाही. घरात माझ्यामागं शेणानं सारवलेली भुई होती, दोरीवर दादांचं धोतर होतं, आणि मी त्या सगळ्याच्या पुढं उभा राहून ते अंगानं झाकायचा प्रयत्न करत होतो.

गोविंदला पाचची गाडी गाठायची होती. पंगतीपर्यंत तो थांबणार नव्हता. उपाशी कसं पाठवायचं म्हणून आईनं घरीच शिजवून देवळाकडे न्यायच्या भाताचा पहिला हंडा उतरवला आणि त्याला घरातच पान मांडलं. वाढताना ती थबकली. "आमच्या हातचं चालंल न्हवं तुमास्नी?" तिनं विचारलं. गोविंद लाजला. "चालतं, मावशी. तसलं काही मानत नाही मी," तो म्हणाला, आणि मांडी घालून बसला.

हंड्यावरचं झाकण काढल्याबरोबर वास आला. तो आला तसं पुढं काय होणार ते मला कळलं. पण तेव्हा फार उशीर झाला होता. मी त्याच्याकडे बघून काही खूण करायला हवी होती. मी खांबाकडे बघत राहिलो. गोविंदनं पहिला घास घेतला, थांबला, आणि मग वर बघून म्हणाला, "मावशी, असा भात मी जन्मात एकदाच खाल्लाय."

आईला बरं वाटलं. लोणावळ्याच्या बंगल्यात राहणाऱ्या माणसानं असं म्हणावं, म्हणजे काय. तिनं हसून विचारलं, "तो वो कुटं?"

"हॉस्टेलवर. यानंच आणला होता. मावळातल्या कुणा ओळखीच्या शेतकऱ्यानं दिला होता याला. हळद चोळलेला, लाल खणाच्या पिशवीत. धुताना आमची बादली पिवळी झाली."

आईच्या हातात वाढायचा डाव होता. तो हंड्यावर तसाच राहिला. "कवा म्हनायचं ह्ये?" तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"थंडीत. संक्रांतीच्या आधी."

गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं डाव हंड्यात घातला, भरून काढला आणि गोविंदच्या पानात वाढला.

"घ्या अजून. ह्योबी त्याच वळखीच्या शेतकऱ्याचा हाय."

"मग त्यांना आमचा निरोप सांगा," गोविंद म्हणाला. "म्हणावं, पुण्यात चौघांनी बोटं चाटली."

"सांगते की," आई म्हणाली.

गोविंद पोटभर जेवला. जाताना तो आईच्या पाया पडायला वाकला, तर ती संकोचून मागं सरली. मी त्याला पांदीपर्यंत पोचवून आलो. वाटेत तो आमच्या डोंगराचं, झऱ्याचं, आईचं कौतुक करत होता. तू कधी बोलला नाहीस रे घराबद्दल, असं म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं. पुढंही कधी कळलं नाही; मी कळू दिलं नाही.

मी परत आलो तेव्हा आई हंडा डोक्यावर घेऊन देवळाकडे निघाली होती. मी मागून चालू लागलो. हंडा मी घेतो असं म्हणायचं सुचलं, पण म्हणवलं नाही. बांधावर आल्यावर ती पुढं बघतच बोलली.

"राजाच्या म्होरं मग कुनाचा ठिवलास?"

"दुकानातला."

चार पावलं झाली. "आन नाव?"

"दादांचं."

ती थांबली. डोक्यावरचा हंडा एका हातानं धरून तिनं मान जराशी वळवली. ती रागावेल असं मला वाटलं. ती रागवावी अशी मी वाट बघत होतो.

"दुकानातल्या तांदळाला तुज्या बाचं नाव," ती म्हणाली, जणू स्वतःला नीट समजावं म्हणून. मग ती चालू लागली. हळदीबद्दल ती काहीच बोलली नाही. तिनं विचारलं असतं, की हळदीची का लाज वाटली रे तुला, तर मला रडता तरी आलं असतं.

देवळापुढं पंगत बसत होती. दिवस आबांनी सांगितल्याप्रमाणे कासराभर उरला होता आणि विसापूरची सावली खाचरांत उतरली होती. आबांनी भैरोबाला नैवेद्य दाखवला, मग विलायत ज्या बाजूला असेल असं त्यांना वाटलं त्या बाजूला, म्हणजे लोणावळ्याच्या घाटाकडे, तोंड करून हात जोडले. लोक हसले, पण बऱ्याच जणांनी हातही जोडले. मग आबा माझ्याकडे वळले. "काय रं, पोचला असंल न्हवं आतापतूर? बसला असंल राजा पानावर?"

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. दादा वडाला टेकून उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर ते सुगीतलं बघणं परत आलं होतं. एकदा माझ्याकडे, एकदा लोकांकडे. खरं बोलायचं धैर्य नव्हतं, आणि खोटं बोलायचं, एवढ्या वेळा बोलून झाल्यावर, त्या क्षणी जमत नव्हतं.

"पोचला," आई म्हणाली. हंडा उतरवताना, कुणाकडे न बघता. "खाल्ला बी. लय गोड लागला म्हनं."

"तुला गं काय म्हाईत?" आबांनी विचारलं.

"पाव्हना सांगून गेला आत्ता. लोनावळ्याचा."

त्यावर गावात आनंद झाला. बंगलेवाल्यांकडे तारा येतात, त्यांना सगळं आधी कळतं, असं एकानं सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. पंगत बसली. मी वाढायला घेतलं, मला बसून खावं लागू नये म्हणून. शेवटी बायकांची पंगत बसली तेव्हा मी भाताची परात घेऊन त्यांच्या रांगेतून गेलो. आईपुढं आलो. तिच्या पत्रावळीवर घरून आणलेली नाचणीची भाकरी होती, आणि आमटी. मी परात घेऊन उभा राहिलो. तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला आणि शेजारणीशी चाललेलं बोलणं पुढं चालू ठेवलं. शेजारणीच्या ध्यानात आलं नाही. मी पुढं सरकलो.

पुन्हा ती आंबेमोहोर कधी खाऊ लागली, की लागलीच नाही, हे मला ठाऊक नाही. ते बघता आलं असतं. पण त्यानंतर मी घरी असलो की आधी जेवून घ्यायचो आणि ती जेवायला बसली की बाहेर जायचो.

पुढं कॉलेज उघडायच्या वेळी तिनं माझ्या ट्रंकेवर एक पिशवी आणून ठेवली. तसाच खण, तसाच काळा दोरा. आत हळद चोळलेला आंबेमोहोर. "मैतरांना घाल," ती म्हणाली. "कुनाचा म्हनून सांगायचं ते तुजं तू बघ." टोमणा नव्हता तो. तिला टोमणा मारता येत असे, आणि मला तिचा टोमण्याचा सूर माहीत होता. तिनं मला एक वाट करून दिली होती, एवढंच. गोविंद तोच होता, स्टोव्ह तोच होता, मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते बोलायला मी रविवारची वाट बघू लागलो. एक रविवार गेला, मग दुसरा गेला. पावसाळाभर पिशवी ट्रंकेत कपड्यांखाली राहिली. दिवाळीला घरी जाताना उघडली तर तांदळाला टोके लागले होते. मी तो नदीवर नेऊन माशांना घातला आणि आईला सांगितलं की मित्रांना आवडला. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि पुन्हा कधी पिशवीही दिली नाही.

वर्षभरानं विलायतेहून, प्रदर्शनात भाग घेतल्याचा, एक छापील कागद आला. वर चित्र, खाली शिक्का, मध्ये दादांचं नाव. दादांनी तो काच लावून ओट्याच्या भिंतीवर टांगला. कुणी पाहुणा आला की ते मला म्हणत, "वाच रं." मी इंग्रजी वाचायचो आणि मग मराठीत सांगायचो. दर वेळी आई उठून आत जायची. कधी उखळाचा आवाज यायचा. दादा गेले तोवर मी तो कागद किती वेळा वाचला असेन, मोजलं नाही. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आई त्यांच्यानंतर नऊ वर्षं होती आणि तीही कुणाला काही बोलली नाही, मलासुद्धा.

तो कागद आता माझ्याकडे आहे. काच फुटली, चौकट कुणीतरी वापरून टाकली. मी मुलांना शिकवण्यात आयुष्य घालवलं, हजारो निबंध तपासले, आणि प्रामाणिकपणा या विषयावर दर वर्षी एक लिहायला सांगत आलो. परवा कपाट आवरताना कागद हाताला लागला तेव्हा मी तो उलटा केला. मागची बाजू कोरी आहे. शिसपेन्सिल घेतली आणि तिथं, दुकानातल्या तांदळाच्या डब्यावर लिहिलं होतं त्याच वळणदार अक्षरात, लिहिलं: हा तांदूळ आमचा नव्हे. आमचा तांदूळ माझी आई हौसाबाई हिनं एकटीनं कांडला होता. तो मी खाल्ला.